अरबांचे चित्रपट आणि आमचें नेरूळ

'अरब' हा शब्द उच्चारतांच सामान्य महाराष्ट्रीय गृहस्थाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. पांढरा पायघोळ झगा, डोक्यास गुंडाळलेलें फडकें, मागें वाळूचा अथांग पसारा, त्यांत एक उंट. आणि अलीकडे त्या उंटाच्या जागीं एक लांबलचक मोटार. चित्रांत माणूस असतो खरा, पण त्याला चेहरा नसतो. तो कशानें हंसतो, कशानें रडतो, मुलीच्या शिक्षणाची त्याला काय काळजी वाटते, त्याच्या घरीं सासू-सुनेचें कसें काय जमतें, याचा विचार आपण कधीं केलेलाच नसतो.

यांत नवल करण्यासारखें कांहीं नाहीं. खुद्द आपल्या देशांतील माणसांविषयींही आपली समजूत फार दिवस अशीच होती. आमच्या लहानपणीं बेळगांवच्या पुढचा कोणीही मनुष्य घरोघरीं 'मद्रासी' या एकाच नांवानें ओळखला जात असे. पुढें आम्ही नेरुळांत राहावयास आलों. सिडकोनें वसविलेल्या या नगरांत शेजार निवडून मिळत नाहीं. आमच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब, खालीं मल्याळी, वर तेलुगू. वर्षभरांतच आमच्या मंडळींस कळून चुकलें कीं, तिघांच्या घरचें सांबार एक नव्हे; तेलुगू कुटुंबाचा उगादी आपल्या पाडव्याच्याच दिवशीं येतो, तर उरलेल्या दोघांचें नववर्ष एप्रिलच्या मध्यास; आणि एकाची भाषा दुसऱ्यास कळतेच असें नाहीं. 'मद्रासी' हा शब्द आमच्या घरांतून त्यानंतर आपोआप नाहींसा झाला. त्यासाठीं कोणास व्याख्यान द्यावें लागलें नाहीं. शेजार पुरेसा झाला.

'अरब' या शब्दाचीही हीच गोष्ट आहे. कैरो येथें १९४५ सालीं स्थापन झालेल्या अरब राष्ट्रसंघाचीं आज बावीस सभासद राष्ट्रें आहेत. त्यांत मोरोक्कोच्या पर्वतांवर बर्फ पडतें, लेबाननांत देवदाराचे वृक्ष आहेत, नाईलच्या कांठचा शेतकरी आपल्या शेतकऱ्यासारखाच पुराकडे आणि पाटाच्या पाण्याकडे डोळे लावून पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे, आणि ओमानचा खलाशी वाळूपेक्षां समुद्राला अधिक ओळखतो. इजिप्तांत कॉप्ट आणि लेबाननांत मॅरोनाइट हे ख्रिस्ती लोक शतकानुशतकें राहत आले आहेत. मोरोक्को-अल्जीरियांत अमाझिघ लोकांची स्वतःची निराळी भाषा आहे. मोरोक्कोंतील बोली इराकांतील माणसास सहजीं समजत नाहीं. परंतु कैरोची बोली बहुतेकांस समजते, आणि याचें एक मोठें कारण इजिप्तचे चित्रपट हें होय. ज्या लोकांना आपापसांत ओळख करून घ्यावयास चित्रपट उपयोगी पडला, त्या लोकांची ओळख आपणांसही त्याच मार्गानें व्हावी, हें स्वाभाविक आहे.

सिनेमा ही वस्तु आपल्याकडे आणि त्यांच्याकडे एकाच वर्षीं आली. फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत दाखविलीं गेलीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तीं अलेक्झांड्रिया शहरीं पोंचलीं. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं लागला. इजिप्तांत १९२७ सालीं 'लैला' हा मूकपट निघाला, आणि त्याची निर्माती अझीझा अमीर ही एक स्त्री होती. कोल्हापुरास १९२९ सालीं 'प्रभात' निघाली. कैरोस १९३५ सालीं तलअत हर्ब या देशाभिमानी गृहस्थानें काढलेल्या बँकेच्या आधारावर 'स्टुडिओ मिस्र' उभा राहिला. १९३६ सालीं आपला 'संत तुकाराम' आला. त्याच सालीं उम्म कुल्सूम या थोर गायिकेचा 'विदाद' आला. दोन्ही घरीं एकाच काळीं पाळणे हालत होते. एकमेकांच्या बारशाला मात्र कोणी कोणास बोलाविलें नाहीं.

हें बोलावणें करण्याचें काम परदेशांत गेल्या कांहीं वर्षांत फिरत्या महोत्सवांनीं केलें आहे. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें १९९६ पासून अरब चित्रपटांचा महोत्सव भरूं लागला व तेथून कॅलिफोर्नियाच्या इतर शहरांतही चित्रपट नेले गेले. ऑस्ट्रेलियांत सिडनीच्या पश्चिम भागांत, जेथें लेबानन, इराक, सीरिया येथून आलेलीं कुटुंबें मोठ्या संख्येनें राहतात, तेथें २००१ सालीं असाच एक उत्सव सुरू झाला आणि पुढें तो गांवोगांव जाऊं लागला. या उत्सवांत दोन प्रकारचे प्रेक्षक येतात. एक परके, ज्यांना त्या लोकांविषयीं कुतूहल असतें. आणि दुसरे स्वतः घर सोडून आलेले, ज्यांना आपल्या गल्लीचा आवाज पुन्हां एकदां कानीं पडावा असें वाटतें. दोघे एकाच अंधारांत शेजारीं शेजारीं बसतात, हें त्या उत्सवाचें खरें महत्त्व होय. आपल्याकडे अरुणा वासुदेव यांनीं १९९९ सालीं दिल्लीस आशियाई चित्रपटांचा महोत्सव सुरू केला आणि पुढें त्याला अरब चित्रपटांची जोड देण्यांत आली. आतां तो भरत नाहीं. फिरत्या सिनेमाची कल्पना तर महाराष्ट्रास मुळींच नवी नाहीं. फाळके स्वतः यंत्र आणि रिळें घेऊन गांवोगांव हिंडले. आणि जत्रेंतील तंबूचा सिनेमा पुढें कित्येक दशकें आमच्या खेड्यापाड्यांची करमणूक होता. त्या तंबूवाल्यांच्या अखेरच्या दिवसांवर काढलेला एक माहितीपट २०१६ सालीं फ्रान्सांत कान येथील महोत्सवांत दाखविला गेला व वाखाणला गेला.

आतां कोणी विचारील कीं, सिडनीच्या आणि दिल्लीच्या या कथा नेरुळांत बसून कशाला सांगतां? त्याचें उत्तर नेरुळाच्या घराघरांत आहे. आमच्या इमारतींत अठ्ठावीस बिऱ्हाडें आहेत. त्यांपैकीं नऊ बिऱ्हाडांतील कोणी ना कोणी दुबई, दोहा, मस्कत, कुवैत किंवा बहरीन येथें नोकरी करून आला आहे किंवा आज करीत आहे. कोणाचें घर त्या पैशांतून घेतलेलें, कोणाच्या बहिणीचें लग्न त्या पैशांतून झालेलें. दर उन्हाळ्यांत जाड दोरीनें करकचून बांधलेल्या पेट्या खालीं उतरतात, खजूर घरोघरीं वांटला जातो. तेथील पगार, तेथील घरभाडें, सोन्याचा भाव, उन्हाळ्याची तीव्रता या सर्व गोष्टी आमच्या बायकामुलांस तोंडपाठ आहेत. परंतु ज्या लोकांच्या देशांत राहून हें सर्व घडलें, त्या लोकांपैकीं एकाचेंही घर आंतून कसें असतें हें विचारलें, तर नऊही बिऱ्हाडांत शांतता. वीस वीस वर्षें ज्यांच्यामध्यें काढलीं, त्यांच्या ताटांत काय वाढलेलें असतें हें ठाऊक नाहीं. दोष सर्वस्वीं आमच्या माणसांचा नव्हे. तेथील व्यवस्थाही परक्यास उंबऱ्याच्या बाहेरच ठेवणारी आहे. पण त्यामुळें झालेली उणीव ती उणीवच.

ही उणीव गेल्या पावसाळ्यांत एका घरगुती प्रसंगानें आम्हांस विशेष जाणवली. आमचे शेजारी नाना आणि त्यांच्या पत्नी माई यांची नात वास्तुशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षें बेलापुरांत काम करीत होती. तिला मस्कत येथून नोकरीचें बोलावणें आलें. मुलीच्या आईबापांची संमति होती, नाना कांहीं बोलत नव्हते, आणि माईंचा मात्र साफ नकार होता. "त्या लोकांत एकटी मुलगी कशी राहणार?" हा त्यांचा एकच प्रश्न; आणि 'ते लोक' म्हणजे कोण, याचें उत्तर आम्हां कोणापाशींही नव्हतें. तेव्हां इमारतींतील पांचसहा कुटुंबांनीं मिळून ठरविलें कीं, रविवारीं दुपारीं आमच्या दिवाणखान्यांत बसून त्या लोकांचे त्यांनींच काढलेले चित्रपट पाहावे. महोत्सव आमच्या गांवीं येत नाहीं, तर तूर्त आपण आपला घरींच भरवावा, एवढीच ती कल्पना. चहा प्रत्येक रविवारीं निराळ्या घरचा.

पहिल्या रविवारीं आम्हीं 'थीब' हा जॉर्डन देशाचा, २०१४ सालचा चित्रपट लावला. काळ १९१६ चा. पहिलें महायुद्ध चालूं आहे. वाळवंटांतील एका टोळीच्या राहुटीशीं रात्रीं एक इंग्रज अधिकारी आणि त्याचा सोबती येऊन पोंचतात व यात्रेकरूंच्या जुन्या वाटेवरील एका विहिरीपर्यंत वाटाड्या मागतात. वाट धोक्याची आहे हें घरांत सर्वांस ठाऊक असतें. पण दारीं आलेल्या पाहुण्यास नाहीं म्हणतां येत नाहीं. थोरला भाऊ निघतो, आणि धाकटा, अवघा पोर, त्याच्या मागोमाग चोरून जातो. दिग्दर्शक नाजी अबू नुवार यांनीं पात्रांचीं कामें वादी रम भागांतील खऱ्या बदाऊन लोकांकडूनच करून घेतलीं आहेत. चित्रपटांतील एक वाटमाऱ्या पूर्वीं यात्रेकरूंचा वाटाड्या असतो. हेजाजची रेल्वे आली, यात्रेकरू गाडीनें जाऊं लागले आणि त्याची पिढीजात रोजी बुडाली. आगगाडीनें जसे कुणाचे भाग्य उघडतें तसे कुणाचे बुडतें, हें आपल्या घाटांतील जुन्या बैलवाल्यांस सांगावें लागत नाहीं.

चित्रपट संपला तरी नाना खुर्चींतून उठले नाहींत. मग ते आपण होऊन बोलूं लागले. १९९० सालीं ते कुवैतांत एका बांधकाम कंपनीच्या हिशेब खात्यांत होते. २ ऑगस्ट रोजीं इराकचें सैन्य शहरांत शिरलें. माई दोन मुलांसह डोंबिवलीस होत्या. महिनाभर पत्र नाहीं कीं निरोप नाहीं. शेवटीं पंचेचाळीस माणसांनीं मिळून एक बस ठरविली आणि बसरा, बगदाद करीत ते जॉर्डनच्या सरहद्दीस लागले. एका नाक्यावर पहारेकऱ्यानें नानांच्या हातांतील घड्याळ काढून घेतलें; तें माईंच्या वडिलांनीं दिलेलें होतें. सरहद्दीवर उघड्या वाळवंटांत तंबू ठोकलेले, वर ऊन, प्यावयास पाणी मोजून. दुसऱ्या कीं तिसऱ्या दिवशीं एक म्हातारा गाढवावर पाण्याचे डबे आणि फडक्यांत गुंडाळलेल्या भाकरी घेऊन आला. कुवैती दिनारास त्या दिवसांत कांहीं किंमत उरली नव्हती, म्हणून नानांनीं खिशांतील झरणी त्याच्यापुढें धरली. म्हाताऱ्यानें ती घेतली, नीट पाहिली, नानांच्याच खिशाला परत अडकविली आणि एक शब्द उच्चारला, "दैफ." नानांना मोडकें अरबी येत होतें, त्या शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक होता. पाहुणा.

पुढें अम्मानहून विमानानें ते मुंबईस आले. त्या दोन महिन्यांत एअर इंडियानें एक लाख सत्तर हजारांहून अधिक हिंदी माणसें अशीं परत आणलीं. त्या आंकड्यांतील नाना हे एक. आल्यावर त्यांनीं घड्याळाची हकीकत सर्वांस सांगितली, कारण घड्याळाचें काय झालें हें विचारलें गेलें. म्हाताऱ्याची हकीकत सांगितली नाहीं, कारण ती कोणी विचारली नाहीं. माई त्यांच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "एवढीं वर्षें बोलला नाहींत!" एवढेंच त्या म्हणाल्या. आम्हांस त्या क्षणीं वाटलें कीं, परक्यांविषयींच्या आमच्या समजुती बहुधा अशाच बनतात. गेलेल्या घड्याळाची चौकशी घरोघरीं होते; मिळालेल्या भाकरीची होत नाहीं.

दुसऱ्या रविवारचा चित्रपट 'वजदा' हा होता. सौदी अरेबियांत सर्वस्वीं चित्रित झालेला हा पहिला मोठा कथापट, २०१२ सालचा; आणि तो दिग्दर्शित केला हैफा अल-मन्सूर या स्त्रीनें. त्या वेळीं तेथें चित्रपटगृहेंच नव्हतीं. तीं पुन्हां उघडलीं एप्रिल २०१८ मध्यें. रस्त्यांत पुरुषांबरोबर उघडपणें काम करणें कठीण म्हणून कांहीं वस्त्यांत या बाईंनीं एका गाडींत बसून, बिनतारी यंत्रावरून सूचना देत चित्रण केलें. कथा मात्र अगदीं लहान. रियाध शहरांतील दहा वर्षांची एक मुलगी दुकानांतील हिरवी सायकल पाहते आणि ती आपणांस हवी असें ठरविते. मुलींनीं सायकल चालवूं नये असा रिवाज. पैसे मिळविण्यासाठीं ती शाळेंतील कुराण-पठणाच्या स्पर्धेस बसते, मान मोडून पाठांतर करते आणि पहिली येते. बक्षिसाचें काय करणार असें विचारल्यावर ती खरें तें सांगून टाकते, आणि मुख्याध्यापिका तें बक्षीस तिच्या हातीं न देतां परस्पर धर्मकार्यास देऊन टाकते.

इतका वेळ माई निवड्यास घेतलेली मेथी मांडीवर तशीच ठेवून पाहत होत्या. येथें त्यांनीं एकदम म्हटलें, "माझेंही असेंच झालें." चिपळुणास शाळेंत असतांना गीतेच्या पाठांतराच्या स्पर्धेंत त्यांना पहिलें बक्षीस मिळालें होतें. पंधरावा अध्याय, एकही चूक नाहीं. बक्षीस होतें अकरा रुपये. त्या पैशांतून कंपासपेटी घ्यावयाची असें त्यांच्या मनांत. घरीं आल्यावर वडिलांनीं ते कौतुकानें घेतले आणि थोरल्या भावाच्या पुस्तकांस दिले. "कोणी वाईट नव्हतें हो," माई म्हणाल्या, "पण मला कोणी विचारलें नाहीं." त्यांची नात जमिनीवर बसलेली होती. तिनें मान वर करून आजीकडे पाहिलें. आम्ही सर्वजण पडद्याकडे पाहूं लागलों. चित्रपटांत शेवटीं त्या मुलीची आई, जिच्या नवऱ्यानें मुलासाठीं म्हणून दुसरें लग्न केलेलें आहे, ती स्वतः जाऊन सायकल घेऊन येते. रियाधच्या त्या घरांत आणि चिपळूणच्या त्या घरांत धर्म निराळा, ग्रंथ निराळा; मुलीचें पाठांतर आणि त्या पाठांतराचें झालेलें कौतुक मात्र एकाच जातीचें.

तिसऱ्या रविवारीं 'अमरीका' पाहिला. शेरियन दाबिस या अमेरिकेंत वाढलेल्या पॅलेस्टिनी वंशाच्या दिग्दर्शिकेचा हा २००९ सालचा चित्रपट. पॅलेस्टाइनांतील एक बाई, बँकेंत नोकरी करणारी, मुलाला घेऊन बहिणीकडे अमेरिकेस जाते. जन्माची सांठवण तिनें बिस्किटांच्या डब्यांत लपविलेली असते, आणि विमानतळावरील अधिकारी खाद्यपदार्थ म्हणून तो डबाच काढून घेतात. मग ही पदवीधर बाई एका खाणावळींत पाव भाजण्याचें काम धरते आणि घरीं सांगते कीं, मी शेजारच्या बँकेंत आहें. हा चित्रपट पाहतांना आमच्या दिवाणखान्यांत जितकें हंसूं झालें तितकेंच डोळे पुसणेंही झालें. ज्या घरांतून मेतकुटाच्या पुड्या आणि लोणच्याच्या बरण्या कपड्यांत गुंडाळून सातासमुद्रांपलीकडे गेल्या आहेत, आणि ज्या घरांतील पदवीधर मुलांनीं परदेशांत प्रथम कोणतें काम केलें हें आईस अजूनही पुरतें सांगितलेलें नाहीं, त्या घरांना या कथेचा अर्थ कोणी समजावून द्यावयास नको.

देशांतर केलेल्यांचें हें दुःख अरबांच्या चित्रपटांत वारंवार येतें, कारण त्यांच्यांतील फार मोठा समाज घराबाहेर आहे. परंतु देशांतर केलेले अरब पाहावयास अमेरिकेपर्यंत जावयास नको. ते आमच्याच खाडीच्या आसपास हजार वर्षांपूर्वीं राहत होते. अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी सन ३०४ मध्यें, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, आजच्या रायगड जिल्ह्यांतील चौल बंदरीं आला. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहत होते. कोणी ओमानचे, कोणी बसऱ्याचे, कोणी बगदादचे, आणि त्यांनीं येथेंच संसार थाटले होते. हिंदुस्थानांत जन्मलेल्या त्यांच्या मुलांना एक निराळें नांव होतें, 'बयासिरा'. परदेशीं जन्मलेल्या मुलांस निराळें नांव देण्याची गरज आज अमेरिकेंतील आमच्या कुटुंबांस पडली आहे. ती चौलास हजार वर्षांपूर्वींच पडली होती. त्याच काळांतला, शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, एक ताम्रपट डहाणू तालुक्यांतील चिंचणीस मिळाला. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा हा ताम्रपट सांगतो कीं, संजाणचा कारभार मधुमति नांवाच्या एका 'ताजिक', म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. त्यानें खाडीवर तरीची आणि वाटसरूंसाठीं अन्नछत्राची सोय केली, आणि त्याच्याच अमलांत एका ब्राह्मणानें बांधलेल्या मठास व भगवतीच्या पूजेस जमीन लावून देण्यांत आली. मधुमति म्हणजे महंमदच, असें विद्वानांनीं दाखविलें आहे.

त्यानंतरची गोष्ट तर आणखीच जवळची. पुण्याच्या ससून रुग्णालयाचें नांव कोणास ठाऊक नाहीं? तें नांव ज्यांचें, ते डेव्हिड ससून बगदादचे. १८३२ च्या सुमारास ते मुंबईस येऊन राहिले. ते धर्मानें ज्यू, पण त्यांच्या समाजाची घरची बोली अरबी. या लोकांचें एक वृत्तपत्र मुंबईंत १८५५ ते १८६६ पर्यंत निघत होतें. लिपि हिब्रू, भाषा अरबी. आणि चित्रपटाची गोष्ट काढली म्हणून सांगावयाचें, तर आमच्या पडद्याचा आरंभीचा इतिहासच या समाजावांचून पुरा होत नाहीं. मूकपटांच्या काळांत सर्व देश जिच्यामागें वेडा झाला होता ती सुलोचना, म्हणजे पुण्यास १९०७ सालीं जन्मलेली रूबी मायर्स, ही बगदादी ज्यू घराण्यांतली. तिला १९७३ सालचा फाळके पुरस्कार मिळाला. १९४७ ची 'मिस इंडिया' प्रमिला त्याच समाजाची. 'आन' आणि 'श्री ४२०' मधील नादिरा, मूळ नांव फ्लॉरेन्स एझेकिएल, तीही त्याच समाजाची. आमच्या नानांनीं तरुणपणीं तिचे चित्रपट चारचारदां पाहिले; ती बगदादी, हें त्यांना आमच्या चौथ्या रविवारीं कळलें. त्या दिवशीं आम्हीं समीर या इराकी वंशाच्या दिग्दर्शकाचा 'फरगेट बगदाद' हा २००२ सालचा माहितीपट पाहत होतों. बगदाद सोडून इस्रायलांत गेलेले वृद्ध ज्यू लेखक त्यांत आपल्या अरबी बालपणाविषयीं बोलतात. घर गेलें, देश गेला, शत्रुत्व आलें. पण स्वप्नांतली भाषा बदलली नाहीं.

कोणी म्हणेल, हें सर्व सोज्ज्वळ तेवढें निवडून दाखविणें झालें. तसें नाहीं. वर सांगितलेल्या प्रत्येक चित्रपटांत त्या त्या समाजाचे दोष त्याच समाजाच्या माणसानें चव्हाट्यावर मांडले आहेत, आणि म्हणूनच ते विश्वासास पात्र आहेत. नोकराचें पारपत्र मालकानें अडकवून ठेवण्याची चाल, मजुरांचे झालेले हाल, स्त्रियांवरील बंधनें, या गोष्टी खऱ्या आहेत. नेरुळांतील कित्येक घरांनीं त्या भोगल्या आहेत. त्यांच्याकडे डोळेझांक करा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दोष माणसाचे असतात, शब्दाचे नव्हेत. समोर माणूस दिसल्याखेरीज त्याचा दोष कोणता आणि व्यवस्थेचा कोणता, हें निवडतां येत नाहीं. आणि तें निवडतां न आल्यास आमच्या मुली एक तर भीतीनें घरीं बसतील, नाहीं तर डोळे मिटून जातील. दोन्ही वाईट.

माईंच्या नातीनें डोळे उघडे ठेवून जाण्याचें ठरविलें. करारपत्र वकिलाकडून वाचून घेतलें, पारपत्र स्वतःपाशीं राहील हें लेखी मागून घेतलें. निघण्याच्या आदल्या दिवशीं माईंनीं तिच्यासाठीं बेसनाचे लाडू केले आणि डबा हातीं देतांना बजावलें, "यांत पैसे ठेवूं नकोस हो." मस्कतहून तिचे फोन येतात. तिच्या कचेरींत एक ओमानी मुलगी आहे. तिच्या पणजोबांच्या काळीं त्यांच्या घरीं हिंदी रुपयेच चालत, असें तिनें सांगितलें. यांत अतिशयोक्ति नाहीं. आखातांतील कित्येक राज्यांत आपला रुपया १९५० नंतरही चलनांत होता, आणि १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें त्या भागासाठीं निराळ्या नोटाही काढल्या होत्या. माई आतां 'ते लोक' म्हणत नाहींत. 'तिच्या कचेरींतली ती' म्हणतात. नवा शेजार जडला कीं जुना शब्द गळून पडतो, तो असा.

आमच्या दिवाणखान्यांत वीस माणसें मावलीं. नेरुळांत लाखो राहतात. मुंबईंत आणि पुण्यांत चित्रपट-मंडळें आहेत; 'प्रभात चित्र मंडळ' तर १९६८ पासून काम करीत आहे. पुण्यास १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट-संग्रहालय आहे. वाशीस विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, आणि खुद्द नेरुळांत आगरी-कोळी भवन आहे. ज्या आगरी आणि कोळी लोकांच्या मिठागरांवर व किनाऱ्यावर हें नगर उभें राहिलें, त्यांच्या नांवाच्या वास्तूंत समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यांचा उत्सव भरणें यापरतें उचित दुसरें काय? आमची सूचना एवढीच आहे. वर्षांतून चार दिवस पुरेत. प्रत्येक चित्रपटापूर्वीं तो कोणत्या देशाचा, कोणत्या बोलींतला, कोणत्या समाजाचा हें पांच मिनिटें मराठींत सांगावें. आणि संपल्यावर तज्ज्ञांच्या भाषणांऐवजीं त्या देशांत राहून आलेल्या नेरुळकरांस बोलूं द्यावें. असे कितीतरी नाना या नगरांत आहेत, ज्यांच्यापाशीं अजून कोणी न विचारलेली एखादी हकीकत आहे. ते हयात आहेत तोंवर ती विचारून घेणें, हें आपल्या पिढीचें काम आहे.